जॉन हंटर आणि टाचेमागची तुटलेली दोरी

सन १७६७. लंडनमधील एक शल्यविशारद नाचत होते. वय ३९ वर्षे. पायांचे स्नायू दमून गेले होते, तरी नाच थांबला नव्हता. अचानक टाचेच्या मागे काहीतरी तुटले. पोटरीला टाचेशी बांधून ठेवणारी जाड दोरी दुभंगली होती. सामान्य माणसाने नशिबाला बोल लावून अंथरूण धरले असते. या गृहस्थांनी मात्र तुटलेली दोरी आपोआप जुळते का, जुळत असेल तर कशी, याचा शोध सुरू केला. त्यांचे नाव जॉन हंटर. शस्त्रक्रियेला कारागिरीतून विज्ञानाकडे नेणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये त्यांची गणना होते.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला कंडरा किंवा टेंडन म्हणतात. बोलीभाषेत आपण तिला शीर म्हणतो, पण तिच्यातून रक्त वाहत नाही. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येतात आणि सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या एका कंडरेने टाचेच्या हाडाला चिकटतात. ही शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. चवड्यावर उभे राहणे, जिना चढणे, धावणे, उडी मारणे ही सगळी कामे तिच्या जोरावर चालतात. १६९३ मध्ये फिलिप व्हेरहेयन या शरीररचनाशास्त्रज्ञांनी तिला ग्रीक पुराणातील वीर अकिलिसचे नाव दिले. आईने नदीत बुडवताना टाच धरली होती, म्हणून त्याची तेवढीच जागा दुबळी राहिली, अशी ती कथा आहे.

नाव शोभणारे आहे. टाचेपासून साधारण दोन ते सहा सेंटिमीटर वर या कंडरेचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. बहुतेक वेळा ती तिथेच तुटते.

खेड्यातून लंडनला

जॉन हंटर यांचा जन्म फेब्रुवारी १७२८ मधला, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड भागातील लाँग काल्डरवुड या शेतघरातला. दहा भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही. पुस्तकापेक्षा पक्षी, मुंग्या, पानांचे बदलते रंग यांतच जीव अडकलेला. ते तेरा वर्षांचे असताना वडील गेले. पुढे काय करायचे हे विशीपर्यंत ठरले नव्हते.

दहा वर्षांनी मोठे असलेले बंधू विल्यम हंटर तोवर लंडनमध्ये प्रसूतितज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले होते. कॉव्हेंट गार्डनमध्ये त्यांनी शरीररचना शिकवणारी खासगी शाळा काढली होती. १७४८ मध्ये जॉन त्यांच्याकडे मदतनीस म्हणून गेले. विल्यमनी त्यांना एक हात विच्छेदनासाठी दिला. ते काम इतके नीट झाले की या धाकट्या भावाच्या बोटांत काय आहे, हे विल्यमना लगेच उमगले.

पुढची दहा-बारा वर्षे शवांच्या सहवासात गेली. त्या काळी विच्छेदनासाठी कायदेशीररीत्या मिळणारी शवे अगदी थोडी होती. शरीररचनेच्या शाळा रात्री कबरी उकरून प्रेते आणणाऱ्यांवर अवलंबून असत, आणि विल्यमची शाळाही त्याला अपवाद नव्हती. हंटर बंधूंचे ज्ञान ज्या पायावर उभे राहिले, त्यात गोरगरिबांच्या उकरलेल्या कबरी होत्या, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरून चालत नाही.

याच काळात जॉन यांनी विल्यम चेसल्डन आणि पर्सिव्हल पॉट या नामांकित शल्यविशारदांकडे उमेदवारी केली. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांतून वैद्यक शिकण्यापेक्षा समोरचे शरीर वाचावे, असा त्यांचा कल होता.

न उपचारता बऱ्या झालेल्या जखमा

सततच्या कामाने प्रकृती ढासळली, तेव्हा हंटर सैन्यात शल्यविशारद म्हणून गेले. १७६१ मध्ये ब्रिटिश फौजांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील बेल ईल या बेटावर हल्ला केला. त्या मोहिमेत त्यांनी बंदुकीच्या गोळ्यांच्या जखमा जवळून पाहिल्या.

तेव्हाची रीत अशी होती की गोळीची जखम चाकूने मोठी करायची, बोटे घालून गोळी आणि कपड्यांचे तुकडे शोधून काढायचे. बेटावर काही जखमी फ्रेंच सैनिक एका रिकाम्या शेतघरात चार दिवस लपून राहिले होते. त्यांच्या जखमांना कुणाचा हात लागला नव्हता. हंटर यांना दिसले की चाकू चाललेल्या सैनिकांपेक्षा यांच्या जखमा चांगल्या भरत होत्या.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या विरुद्ध जाणारा होता. शरीराला स्वतःची दुरुस्ती करता येते. शल्यविशारदाने आधी ती दुरुस्ती कशी होते हे समजून घ्यावे आणि गरज असेल तिथेच हात घालावा. सहा वर्षांनी स्वतःच्याच पायावर हा विचार तपासायची वेळ येणार होती.

स्वतःचा पाय हीच प्रयोगशाळा

१७६३ मध्ये हंटर लंडनला परतले. हातात पैसा नव्हता, रुग्ण नव्हते. काही काळ त्यांनी एका दंतवैद्याबरोबर काम केले. त्या अनुभवावर मानवी दातांविषयीचा त्यांचा ग्रंथ १७७१ मध्ये निघाला. प्राण्यांवरचे अभ्यास चालूच होते. १७६७ च्या सुरुवातीला त्यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली आणि त्याच वर्षी नाचताना त्यांच्या टाचेमागची कंडरा तुटली.

या दुखापतीबद्दल तोवर वैद्यकात भीतीच जास्त होती. प्राचीन ग्रीक वैद्यकात या कंडरेची इजा जीवघेण्या तापाला आमंत्रण मानली जाई. सोळाव्या शतकात आंब्रोज पारे या फ्रेंच शल्यविशारदांनी कातडीला जखम न होताही ही कंडरा तुटते, अशी नोंद केली. एडिंबराचे प्राध्यापक अलेक्झांडर मन्रो यांची स्वतःचीच कंडरा तुटली, तेव्हा त्यांनी टाच वर ओढून धरणारी पट्ट्यांची सपाता बनवून घेतली होती.

हंटर यांनीही टाच उंच ठेवली. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. टाच वर आणि चवडा खाली असला की तुटलेली दोन टोके एकमेकांजवळ येतात. पोटरीभोवती त्यांनी पट्टी गुंडाळली, म्हणजे स्नायू अचानक आकसून वरचे टोक पुन्हा ओढून नेणार नाही. एवढी काळजी घेऊन ते अंथरुणाला न खिळता हिंडूफिरू लागले. पाय बरा झाला.

पण एका पायावरून नियम मांडता येत नाही, हे त्यांना कळत होते. कातडीखाली नेमके काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. मोतीबिंदूसाठी वापरली जाणारी बारीक सुई त्यांनी कंडरेपासून थोड्या अंतरावर कातडीतून आत घातली आणि तिच्या धारेने कंडरा आतल्या आत कापली. वरची कातडी जवळपास अखंड राहिली. मग वेगवेगळ्या दिवसांनी ते कुत्रे मारून जुळणीचे टप्पे पाहिले. आज असा प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची परवानगी लागेल, भूल द्यावी लागेल. त्या काळी भूल हा प्रकारच नव्हता.

त्यांना दिसले ते असे. बंद कातडीखाली कंडरा तशीच जुळते, जसे बाहेर जखम नसलेले मोडके हाड जुळते. आधी मधल्या फटीत रक्त साकळते, मग तिथे नवा मऊ भाग तयार होतो, तो हळूहळू घट्ट होत जातो आणि दोन्ही टोके सांधली जातात. पू होत नाही, ताप येत नाही.

पू का होत नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. जंतूंमुळे जखमा चिघळतात ही समज यायला आणखी शंभर वर्षे जायची होती. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख लिहिले ते १८६७ मध्ये. कातडी उघडली नाही तर धोका टळतो, हे मात्र हंटर यांनी डोळ्यांनी पाहून नोंदवले.

त्याच वर्षीची चूक

१७६७ हे साल हंटर यांच्या आयुष्यात दुसऱ्या एका प्रयोगासाठीही लक्षात ठेवले जाते, आणि तो फसला. परमा आणि उपदंश हे दोन वेगळे गुप्तरोग आहेत की एकाच रोगाची दोन रूपे, असा वाद होता. मे महिन्यात त्यांनी परम्याच्या रुग्णाचा पू एका व्यक्तीला टोचला. ती व्यक्ती म्हणजे ते स्वतःच, असे पुष्कळांनी लिहिले आहे. त्यांच्या ग्रंथात तसा स्पष्ट उल्लेख नाही आणि इतिहासकारांत आजही त्यावर मतभेद आहेत. त्या व्यक्तीला उपदंशाची लक्षणे दिसली. दोन्ही एकच रोग, असा निष्कर्ष हंटर यांनी काढला.

निष्कर्ष चुकीचा होता. ज्याचा पू घेतला त्याला बहुधा दोन्ही रोग होते. १७८६ मध्ये हे मत ग्रंथरूपाने आले आणि हंटर यांच्या नावाच्या वजनामुळे कित्येक दशके टिकले. दोन रोगांचे वेगळेपण पक्के व्हायला एकोणिसावे शतक अर्धे सरावे लागले.

दोन प्रयोगांत फरक कशाचा होता? कंडरेच्या बाबतीत त्यांनी एका पायावर विसंबून न राहता अनेक प्राण्यांत, निरनिराळ्या दिवशी, प्रत्यक्ष उघडून पाहिले. रोगाच्या बाबतीत एका माणसावरून सगळ्यांविषयीचा नियम काढला. एका रुग्णाचा अनुभव, मग तो डॉक्टरचा स्वतःचा का असेना, पुरावा म्हणून किती तोकडा असतो, हे या एका वर्षात दिसते.

बिबटे, विद्यार्थी आणि एक गाडीवान

१७६८ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हंटर शल्यविशारद झाले. १७७१ मध्ये अॅन होम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अॅन कवयित्री होत्या. संगीतकार हायडन यांनी त्यांच्या काही गीतांना चाली दिल्या. त्यांच्या घरी पुढल्या दालनात साहित्यिक, संगीतकारांची बैठक भरे आणि मागच्या बाजूला नवरा विच्छेदनात गढलेला असे.

शहराबाहेर अर्ल्स कोर्ट येथे हंटर यांनी प्राणी पाळले होते. एकदा दोन बिबटे सुटले आणि कुत्र्यांशी झुंजू लागले. हंटर धावत गेले, दोघांना धरून परत कोंडले आणि आपण काय केले हे लक्षात आल्यावर त्यांना भोवळ आली.

घरी राहून शिकणारा त्यांचा पहिला विद्यार्थी म्हणजे एडवर्ड जेन्नर. जेन्नर गावी परतल्यावरही दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. साळींदरासारख्या काटेरी जाहकांवरील (हेजहॉग) एका शंकेबद्दल हंटर यांनी त्यांना, तर्क करत बसण्याऐवजी प्रयोग करून पाहावा, असे कळवले होते. हाच विद्यार्थी पुढे देवीच्या लशीचा जनक झाला. ती लस १८०२ मध्ये मुंबईला पोहोचली आणि १४ जून रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातील ते पहिले यशस्वी लसीकरण.

डिसेंबर १७८५ मध्ये हंटर यांनी त्यांची सर्वांत गाजलेली शस्त्रक्रिया केली. ४५ वर्षांच्या एका गाडीवानाच्या गुडघ्यामागची धमनी फुगून मोठी गाठ झाली होती. अशा रुग्णाचा पाय मांडीतून कापणे हाच तेव्हा बहुतेकांचा उपाय होता. हंटर यांनी गाठीला हात लावला नाही. वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती, तिथे ती बांधली. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या रुंद होऊन पायाला रक्त पुरवतील, असा त्यांचा कयास होता आणि तो खरा ठरला. गाडीवानाचा पाय वाचला आणि तो पुन्हा गाडी हाकू लागला.

गोळीची जखम, तुटलेली कंडरा, फुगलेली धमनी. तिन्ही ठिकाणी विचार एकच आहे. शस्त्रक्रिया करावी लागणे म्हणजे आपले उपचार अपुरे पडल्याची कबुली, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. सुरी हातात असलेल्या माणसाने असे म्हणणे तेव्हाही विरळ होते.

संग्रहाची हाव आणि शेवट

१७८३ मध्ये हंटर लेस्टर स्क्वेअरमध्ये राहायला गेले आणि तिथे त्यांनी संग्रहालय उभारले. माणूस आणि प्राण्यांचे सुमारे १४,००० नमुने त्यांनी जमवले. मिळकतीतला मोठा वाटा त्यात गेला.

या संग्रहावर एक डाग आहे. चार्ल्स बर्न नावाचा आयरिश तरुण त्याच्या साडेसात फुटांच्या उंचीमुळे लंडनमध्ये प्रसिद्ध होता. शल्यविशारद आपल्या देहावर टपले आहेत हे त्याला माहीत होते. मेल्यावर आपल्याला समुद्रात पुरावे, असे त्याने मित्रांना सांगून ठेवले होते. १७८३ मध्ये तो वारला. हंटर यांनी पैसे चारून त्याचा देह मिळवला आणि सांगाडा संग्रहात ठेवला. तो दोनशेहून अधिक वर्षे प्रदर्शनात होता. लंडनचे हंटेरियन संग्रहालय २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर उघडले, तेव्हा तो मांडणीतून काढण्यात आला. रुग्णाची संमती हा आजच्या वैद्यकाचा पाया आहे. हंटर यांच्या वागण्यात तिला जागा नव्हती.

१७७३ पासून त्यांना छातीत कळा येत. राग आला की त्या वाढत. आपल्याला चिडवणाऱ्या कोणाच्याही हाती आपला जीव आहे, हे ते जाणून होते. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. हंटर यांचे बोलणे कोणीतरी खोडून काढले. ते संताप आवरत शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. वय ६५ वर्षे.

मागे कर्ज राहिले. १७९९ मध्ये सरकारने संग्रह १५,००० पौंडांना विकत घेतला. १८२३ मध्ये त्यांचे मेहुणे एव्हरार्ड होम यांनी हंटर यांची बरीच हस्तलिखिते जाळून टाकली. त्यांतला मजकूर होम यांनी स्वतःच्या नावावर खपवला होता, असा आरोप आहे. १९४१ च्या बाँबहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. १८५९ मध्ये हंटर यांचे अवशेष वेस्टमिन्स्टर ॲबीत हलवण्यात आले.

बाळांच्या पावलांपर्यंत पोहोचलेला प्रयोग

कंडरा बंद कातडीखाली कापली तरी पुन्हा जुळते, या निरीक्षणाचा खरा उपयोग हंटर गेल्यानंतर झाला. काही बाळांचे पाऊल जन्मतःच आत आणि खाली वळलेले असते. त्याला क्लबफूट म्हणतात. त्यात टाचेमागची कंडरा आखूड असते. १८३१ मध्ये हॅनोव्हरच्या लुई श्ट्रोमायर यांनी कातडीतल्या बारीक छिद्रातून ही कंडरा कापून पाऊल सरळ करण्याची पद्धत यशस्वी केली. १८३६ मध्ये त्यांनी विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरांचा वाकडा पाय असाच दुरुस्त केला. लिटल यांनी ती कला लंडनला नेली.

आज क्लबफूटसाठी जगभर पोन्सेती पद्धत वापरतात. भारतातील सरकारी रुग्णालयांतही हे उपचार मिळतात. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू वळवायचे आणि बहुतेक बाळांत शेवटी टाचेमागची कंडरा बारीक छिद्रातून कापायची. तीन आठवडे प्लास्टर ठेवले की ती योग्य लांबीची होऊन जुळते.

आज कंडरा तुटली तर

ही दुखापत वाढते आहे. फिनलंडमधील औलू शहरात १९७९ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २.१ रुग्ण आढळत. २०११ मध्ये तो आकडा २१.५ झाला. पुरुषांत प्रमाण कितीतरी जास्त आहे आणि रुग्ण बहुतेक तीस ते पन्नास वयातले. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम बॅडमिंटन किंवा टर्फवर क्रिकेट खेळणारा हा त्यातला नेहमीचा चेहरा. नवरात्रात सरावाशिवाय तासन्‌तास गरबा खेळणाऱ्याचे स्नायूही हंटर यांच्यासारखेच दमलेले असतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातील प्रतिजैविके आणि स्टिरॉइड यांमुळेही धोका वाढतो.

कंडरा तुटताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, फट् असा आवाज येतो. वळून पाहावे तर मागे कोणी नसते. नंतर दुखणे कमी होते आणि लंगडत चालता येते, कारण पाऊल खाली दाबणारे इतर छोटे स्नायू शाबूत असतात. इथेच फसगत होते. पाय मुरगळला समजून माणूस लेप लावतो, मालीश करून घेतो. पहिल्या तपासणीत पाचातला एखादा रुग्ण डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही.

निदानाची चाचणी सोपी आहे. रुग्णाला पालथे झोपवून, पावले पलंगाच्या कडेबाहेर ठेवून पोटरी दाबायची. कंडरा अखंड असेल तर पाऊल हलते. तुटली असेल तर पाऊल जागचे हलत नाही. त्या पायाच्या एकट्या चवड्यावर उभे राहता येत नाही आणि टाचेच्या वर बोटाला खळगा लागतो. शंका राहिली तर सोनोग्राफी करतात.

उपचारांचे दोन मार्ग आहेत. एकात टाके घालून टोके जोडतात. दुसऱ्यात चवडा खाली वळवून प्लास्टर किंवा उंच टाचेचा खास बूट देतात आणि काही आठवड्यांत पाऊल टप्प्याटप्प्याने सरळ आणतात. नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर रुग्णांच्या पायाचे काम दोन्ही मार्गांनी सारखेच निघाले. विनाशस्त्रक्रिया गटात ६.२ टक्के रुग्णांची कंडरा पुन्हा तुटली, शस्त्रक्रियेच्या गटांत ०.६ टक्के. उलट मज्जातंतूची इजा बारीक छिद्राच्या शस्त्रक्रियेत ५.२ टक्के, मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत २.८ टक्के आणि विनाशस्त्रक्रिया ०.६ टक्के होती. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ५४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्यांना प्लास्टर आणि लवकर वजन टाकू देणारा पट्टा यांत परिणाम सारखेच मिळाले. टाच उंच ठेवून हिंडणारे हंटर योग्य वाटेवर होते, हे आता शेकडो रुग्णांच्या आकड्यांवरून सांगता येते.

म्हणून खेळाडूने किंवा पुन्हा तुटण्याचा धोका नको असलेल्याने शस्त्रक्रिया निवडली तर ते रास्त आहे. मधुमेही, धूम्रपान करणारे किंवा वयस्कर रुग्ण यांच्यात जखम चिघळण्याचा धोका जास्त, तिथे बुटाचा मार्ग बरा. दोन्हींत पायातल्या शिरांत रक्त गोठण्याकडे लक्ष ठेवावे लागते, व्यायाम चुकवून चालत नाही आणि खेळाकडे परतायला सहा ते नऊ महिने किंवा जास्तही लागतात. शौचालयाच्या भांड्यावर पाय घसरून फुटक्या कडेने कंडरा कापली जाते, तो प्रकार वेगळा. तिथे जखम उघडी असते. ती धुऊन कंडरा शिवावीच लागते.

उशीर मात्र कोणत्याच मार्गाला परवडत नाही. टोके लांब गेली, फटीत भलताच भाग भरला की बुटाने काम होत नाही आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. टाचेमागे फट् आवाज झाला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर मालीश न करता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवावा. पोटरी दाबून पाहायला त्यांना अर्धे मिनिटही लागत नाही.